अडुळशाला आवतण

अडुळसा नुसता तोडून आणला तर तो निव्वळ पाला. औषध व्हायला हवा असेल तर त्याला आदल्या संध्याकाळी आवतण द्यावं लागतं. भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात हा कायदा चांगुणाच्या सासूनं, मल्लव्वानं, घालून दिला होता. दिवेलागणीला न्हाणीमागच्या झाडापाशी जायचं, बुडाशी चार तांदूळ टाकायचे, आणि कुणासाठी हवं त्याचं नाव घेऊन उद्या यायला सांगायचं. सकाळी तोंडातून शब्द न काढता, आपली सावली पानांवर पडू न देता पानं खुडायची. आणि ज्याच्या नावानं बोलावलं, रस त्यानंच प्यायचा.

मल्लव्वा, घरातली अव्वा, अक्कलकोटाकडची. नवरा गेल्यापासून हळदकुंकवाला हात लावत नसे, म्हणून झाडाच्या खोडाला ती तीन बोटांनी विभूती ओढायची. मधल्या बोटाचं पेर तरुणपणी कापडाच्या मागात गेलेलं, त्यामुळं रेघा दोनच उमटायच्या आणि मधे गाळलेली जागा. रस पिऊन झाला की फुलपात्र पालथं घालायची, उरल्या घोटाला दुसऱ्या कुणी तोंड लावू नये म्हणून. आणि चांगुणाला तिनं उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. माहेर सांगोल्याचं, म्हणून नाव ‘सांगोल्याची’. “ए सांगोल्याची, तुमच्यात टँकर आला की अंगोळ करत्यात. आमच्यात रोज करत्यात,” हे तर पाहुण्यांसमोरसुद्धा.

पुढं अव्वानंच खोकल्यानं अंथरूण धरलं, तेव्हा आवतणाचं काम चांगुणाकडं आलं. रोज संध्याकाळी झाडापुढं उभं राहून ती ‘मल्लव्वासाठी’ म्हणायची. सासूचं नाव खड्या आवाजात घ्यायची तेवढीच सोय होती, आणि चांगुणा ती वाया घालवत नसे. मागच्या पौषात अव्वा गेली.

यंदा खोकला चांगुणाच्या नवऱ्याला, सिद्रामला लागला. टॉवेलच्या कारखान्यातलं सुताचं तूस वर्षानुवर्षं छातीत साठलेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, क्षय नाही म्हणाले, ओढायला पंप दिला आणि मागापासून लांब राहायला सांगितलं. पंपानं थोडं भागायचं. पण उबळ आली की डोळे पांढरे व्हायचे, आणि आडवं पडलं की श्वास सापडायचा नाही. धडधाकट माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या झिजत चालला. डॉक्टरांना विचारून घेऊन चांगुणानं पुन्हा अडुळशाला आवतणं सुरू केली. सकाळी पानं तव्यावर शेकायची, रस पिळायचा, मध आणि सुंठ घालून द्यायचा. सिद्राम तोंड वेडंवाकडं करून प्यायचा, आणि खोकला तसाच.

तसाच कुठला, वाढलाच. एकदा भर दुपारी ती धान्य निवडत बसली होती. सिद्राम खोकला, थांबला. आणि तो थांबल्यावर न्हाणीकडून दुसरं कुणीतरी खोकलं. कोरडं, बारीक, शेवटाला शीळ घातल्यासारखं. सिद्रामनं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मग ते रोजचंच झालं. हा खोकायचा, ते उत्तर द्यायचं.

चांगुणानं शेजारच्या राजेश्वरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्यात कुणाला बरं नाही का. राजेश्वरी हसली.

“आमच्यात कोण खोकतंय? मीच तुला म्हणणार हुते, तुजी सासू अजून...”  आणि ती घाईघाईनं वाळत घातलेलं धुणं काढायला निघाली. धुणं अजून ओलं होतं.

त्या संध्याकाळी चांगुणा तांदूळ घेऊन झाडापाशी गेली. अडुळशाला फुलं आली होती, पांढरी, जबडा उघडल्यासारखी. वारा पडलेला, तरी फांदी हलत होती. तिनं तांदूळ टाकले आणि सवयीनं म्हणाली,

“मल्लव्वासाठी. उद्या ये.”

म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

इतके दिवस हेच म्हणत होती ती. जीभ पाठ केलेलं म्हणत राहिली. आवतण अव्वाच्या नावानं, आणि रस पाजला सिद्रामला. पाटावर पाहुणा बसवायचा आणि ताट दुसऱ्यापुढं सरकवायचं. तिच्या कानाशी, अगदी पदराच्या आत, कुणीतरी खोकलं.  भीती होतीच, पण त्याहून जास्त वाटली लाज. म्हातारी रोज बोलावल्यासारखी येत होती, आणि रोज उपाशी बसत होती.

सकाळी तिनं रस काढला तो अव्वाच्या फुलपात्रात. अव्वा बसायची त्या खिडकीखाली ठेवला.

“तुमच्या नावानं आणलंय, अव्वा. घ्या. उद्यापासनं तुमच्या लेकाचं नाव घेते.”

आणि पाठ फिरवून चूल पेटवत बसली. सिद्राम भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. बऱ्याच वेळानं तिनं वळून पाहिलं. फुलपात्र पालथं होतं. खाली फरशी कोरडी.

त्या दिवशी न्हाणीकडून आवाज आला नाही. त्या संध्याकाळी तिनं एकेक अक्षर जपून उच्चारत सिद्रामचं नाव घेतलं. हळूहळू त्याची उबळ सैल पडली, कफ सुटला, आणि एका दुपारी तो आडवा झाला तो चक्क घोरायला लागला. चांगुणानं ते घोरणं कीर्तन ऐकावं तसं बसून ऐकलं.

या सगळ्यात तिच्या स्वतःच्या घशात खवखव सुरू झाली होती. बायका खोकल्याला खोकला म्हणतात कधी? पदरात तोंड दाबून कामं करत राहिली. छाती दुखायला लागली तरी आवतण तिनं सिद्रामच्याच नावानं दिलं. मग तो ठणठणीत झाला, तेव्हा तेही बंद केलं.

एका सकाळी ती न्हाणीमागं पाणी ओतायला गेली. अडुळशाच्या बुडाशी चार तांदूळ पडले होते, ताजे, अजून मुंग्यासुद्धा न लागलेले. आणि खोडावर विभूती. दोन रेघा, मधे गाळलेली जागा.

चांगुणानं हातातली बादली खाली ठेवली. अंगावर काटा होता, आणि डोळ्यांत पाणी. कारण आवतणाचा कायदा तिला ठाऊक होता. ‘सांगोल्याची’ म्हणून ते चालत नाही. नाव घ्यावंच लागतं.

ती सावली सांभाळून वाकली, आणि एक शब्द न बोलता पानं खुडायला लागली.