गॅलरीचे तीन फायनल

इंजिनिअरच्या ऑफिसात आराखडे काढणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. एका सकाळी कॉम्प्युटरवर जिन्याचा आराखडा शोधताना त्यांच्या नजरेस भलतंच पडलं. ‘गॅलरी फायनल’, ‘गॅलरी फायनल नवीन’ आणि ‘गॅलरी खरंच फायनल’. तिथे जो तो फायलीला मनाला येईल ते नाव ठेवी, आणि त्यावर सगळे हसतही. ताईंनी तिन्ही फायली उघडल्या. गॅलरीला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या वरच्या थरातल्या सळया वाढवल्या होत्या त्या फक्त शेवटच्या फायलीत. साइटवर गेली होती मधली.

गॅलरीचं काँक्रीट कधीच भरून झालं होतं. आज खालचे टेकू निघणार होते. तिथला सुपरवायझर त्यांचा धाकटा दीर.

त्यांनी त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. साहेब मीटिंगला होते, पण ‘आढावा’ नावाच्या मीटिंगाही दोन निघाल्या. पहिल्या खोलीत भलतीच माणसं बसलेली. ताई तशाच दुसरीकडे धावल्या.

“साहेब, गॅलरीचा चुकीचा आराखडा गेलाय.”

“कुठला गेलाय?”

“फायनल.”

“मग बरोबरच आहे की.”

“फायनल तीन आहेत, साहेब.”

साहेबांचा चेहरा उतरला. ते ठेकेदाराला फोन लावायला लागले. ताईंनी वाट पाहिली नाही, खाली येऊन टॅक्सी पकडली. रस्ताभर त्यांचा अंगठा दिराच्या नंबरावर होता.

साइटवर सळया कापायच्या मशीनचा कान फाडणारा आवाज चालू होता. गॅलरीच्या टोकाकडची टेकूंची एक ओळ निघाली होती. दुसरीला हात घातलेला. दीर चार माणसांसोबत बरोबर खाली उभा. ताईंनी हाक मारली, पण मशीनपुढे ती ऐकूच जाईना. मग काही न सुचून त्या स्वतःच खाली शिरल्या आणि त्यांनी त्याची बाही धरली.

“वहिनी? तुम्ही इथे कशा?”

“आधी बाहेर चला. सगळ्यांना घ्या. काही विचारू नका.”

तो हसणार होता, पण त्यांचं तोंड पाहून त्याने माणसांना हात केला. सगळे बाहेर आले. मग तो जिन्याने वर गेला आणि त्याने गॅलरीच्या दारातूनच वाकून बघितलं. भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी बारीक भेग गेली होती. तो खाली आला आणि त्याने गॅलरीखाली जायची वाट दोरीने बंद केली.

साहेबांनी येऊन बाहेरच्या कडेला भक्कम आधार लावून घेतले. पुढे ती गॅलरी पाडून नव्याने बांधली. ऑफिसात नियम झाला: नावात काम, मजला, भाग आणि सुधारणेचा क्रमांक हवाच, ‘फायनल’ हा शब्द बंद. मीटिंगलाही कामाचं नाव लावायचं. कुणी कुरकुर केली नाही.

भेग दिसली त्या संध्याकाळी जेवताना दीर म्हणाला, “वहिनी, असे आणखी किती फायनल आहेत तुमच्याकडे?”

त्याने चेष्टेनेच विचारलं होतं, पण ताई मनात जुनी कामं मोजू लागल्या. त्यांत एक शाळा होती. तिथे मुलं केव्हाच बसायला लागली होती.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच त्या दाराशी उभ्या होत्या. शाळेचं फोल्डर उघडून त्यांनी एकेका फायलीचं नाव कागदावर उतरवायला घेतलं. साहेब मागे येऊन उभे राहिले, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, “पहिल्यापासून बघू.”