एकतीसचा अर्ज

रकाना १ : अर्जदार

सांगणारी आत्या, लिहिणारी मी, तिची भाची. वाहन नोंदणी कार्यालय, खिडकी दोन. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्याला स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून बजावलंय. त्यामुळे ती गाडी माझ्या नावावर करतेय.

"नीट काढ अक्षर. डॉक्टर झालीस की काय?"

रकाना २ : वाहन क्रमांक

३१-०००७. पहिले सहा नंबर साहेबांच्या गाड्यांना गेले. सातवा एकतीसच्या कार्यालयातल्या एकुलत्या एक कारकुनाने, म्हणजे आत्याने, स्वतःला दिला. एकतीस क्रमांकाचा जिल्हा जेमतेम सहा वर्षं टिकला. नऊ क्रमांकाच्या जिल्ह्यातून कापून काढला, पुन्हा नऊलाच चिकटवला. आत्याची बदली झाली आणि तिचं टेबलही ट्रकमध्ये बसून इकडे आलं. नऊवाले अजून म्हणतात, एकतीसची गाडी दिसली की लांब राहा, वळताना इंडिकेटर देत नाहीत.

"कशाला द्यायचा? कोण कुठे वळणार, ते सगळ्यांना ठाऊकच असायचं."

अशा अकराच गाड्या उरल्यात. आत्याला एवढंच हवंय : गाडी माझी झाली तरी नंबरप्लेट तीच राहावी.

रकाना ४ : पत्ता
(तिसऱ्याचं नंतर बघू.)

माझा पत्ता लिहिला. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा वर केला. त्याला काम आत्यानेच शिकवलेलं.

"मॅडम, भाची तर मूळच्या नऊमध्ये राहते. नंबर नऊचा पडेल."

"का म्हणून?"

"जुना नंबर हवा तर नवा मालक एकतीसच्या जुन्या हद्दीत राहणारा लागतो. नियम आहे."

"कोणत्या शहाण्याने केला?"

तो आत जाऊन फाइल घेऊन आला. मसुदा हाताने लिहिलेला. अक्षर अगदी मोत्यासारखं.

आत्याने कागद नाकापर्यंत नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"नाहीतर शौकीन लोकांनी नंबर विकत घेतले असते," ती पुटपुटली.

रकाना ४, खाडाखोड

"तुझा एकतीसमधला पत्ता लिहू का?" मी हळूच विचारलं.

"राहतेस तिथे?"

"सुट्टीत येते की."

"खोटा पत्ता देणाऱ्या किती जणांना मी परत पाठवलं, विचार याला."

"मलासुद्धा पाठवलं," कारकून म्हणाला. "मेहुण्याचा अर्ज होता. अजून बोलत नाही माझ्याशी."

"लिही. नऊ," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

रकाना ३ : नावावर करण्याचं कारण

मला लिहवेना.

कार्यालयीन वापरासाठी (इथे अर्जदाराने काही लिहू नये)

कारकुनाने शिक्का उचलला आणि खाली ठेवला.

"मॅडम, नावावर करताच कशाला? मालक तुम्हीच राहा. चालवायचं कोणी, याबद्दल नियमात अवाक्षर नाही."

मला वाटलं, आत्या खूश होईल. ती भडकली.

"म्हणजे माझ्या नियमाला भोक आहे? इतकी वर्षं? आणि तू गप्प बसलास?"

"तुम्हाला सांगणार कोण?"

"कोरा कागद दे. आत्ताच्या आत्ता बुजवते."

"आत्या!"

त्याने कागद दिला. शिष्यच तो. तिने पेनाचं टोपण काढलं, आणि दाराबाहेर अंदाजाने गाडी उभी होती तिकडे पाहिलं. तेवढ्या अंतरावरची नंबरप्लेट आता तिला दिसत नाही.

टोपण परत लागलं.

"हे बघ," तिने कोरा कागद त्याच्याकडे सरकवला, "दुरुस्ती मी गेल्यावर कर."

"बरं."

"पण कर."

शेरा : अर्ज मागे घेतला.