हबीबचं नाव, माझ्या तोंडून

मित्रांनो, माझा आवाज जरा मोठा आहे, सांभाळून घ्या. मी एक जुना रेडिओ आहे. केजच्या एसटी स्टँडाबाहेर विमलबाईंचं चहाचं हॉटेल आहे, तिथं बिस्किटांच्या बरण्यांशेजारी माझं आसन असतं. लोक मला खोका म्हणतात. म्हणोत बापडे! या खोक्यानं काय पाहिलंय ते ऐकाल तर तोंडात बोट घालाल.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणी काटा बसवला, कुणी बटणं लावली आणि शेवटी एका बाईनं स्पीकर जोडला. मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि नुसता खरखरलो! तरीही त्या बाई हसल्या होत्या. विमलबाईंच्या नवऱ्यानं हॉटेल टाकलं त्याच साली मला विकत आणलं. बातम्या, बाजारभाव, भजनं, क्रिकेट, काय विचारू नका! माझ्या नादात प्रवाशांच्या गाड्या चुकायच्या. "रेडिओवर सांगितलं," एवढं म्हटलं की कसलाही वाद मिटायचा.

मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो, कांद्यांच्या शेजारी. उंदरांनी माझी वायर कुरतडली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! तिथं पडल्यापडल्या खालचा चहाचा वास यायचा आणि जीव तळमळायचा.

यंदा जिल्ह्यात काही कारणानं वातावरण तापलं आणि इंटरनेट बंद झालं. साधे फोन तेवढे लागायचे. हॉटेलाशेजारी मोसंब्यांचा गाडा लावणारा हबीब विमलबाईंना म्हणाला, "बाई, माळ्यावरचा रेडिओ काढा की. उगं पडलाय." त्यानंच मला खाली उतरवलं, धूळ पुसली, वायर जोडली, सेल घातले. आणि मी बोललो! स्टँडावर टाळ्या पडल्या हो! आनंदानं माझा काटा थरथरत होता.

काटा फिरवताना एक नवंच केंद्र लागलं, 'गावजागर'. ते कुठून बोलतं कुणाला ठाऊक नव्हतं आणि परवाना आहे का हे कुणी विचारलं नाही. गाणी मात्र एकाहून एक झकास! त्यात फर्माइशीचा कार्यक्रम तर सगळ्यांच्या जिवाचा. फोन लावायचा, नाव आणि गाणं सांगायचं, की तुमचा आवाज थेट माझ्यातून बाहेर. निवेदकाला सगळे दादा म्हणत. विमलबाईंना त्याचा नंबर तोंडपाठ झाला. काळी-पिवळी जीप चालवणारा सुग्रीव रोज फोन करायचा. "केजहून आपले लाडके सुग्रीवभाऊ!" असं ऐकलं की गड्याला मूठभर मांस चढायचं. एकदा हबीबचंही नाव आलं. त्या दिवशी त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला एक मोसंबी फुकट दिली.

हळूहळू दादा दोन गाण्यांच्या मधे बोलायला लागला. आधी चिमूटभर, "त्या लोकांपासून जपून राहा." मग मूठभर, "त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका." ते लोक कोण, हे नाव न घेताही कळत होतं. 'गावजागर' म्हणजे माणसामाणसांत वैर पेरणारी एक जहाल टोळी होती. गाणी लावून तिनं आधी आमच्या घरात पाय ठेवला होता. हबीबच्या गाड्यापाशी थांबणारी माणसं पुढं जाऊ लागली. मला गप्प बसावंसं वाटे, पण माझं बटण माझ्या हातात थोडंच आहे!

आणि एका दुपारी गाणं मधेच थांबलं. दादा ओरडला, "ऐका! केजच्या स्टँडावरच्या हबीब मोसंबीवाल्यानं फळांत सुईनं विष टोचलंय! आपली दोन लेकरं दवाखान्यात तडफडतायत! बघत काय बसलात?"

ज्यानं मला पुन्हा बोलतं केलं, त्याचंच नाव माझ्या तोंडून! मला धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं.

बघता बघता पन्नासेक माणसं धावत आली. पुढं सुग्रीव, हातात जॅकचा दांडा. विमलबाईंनी हबीबला हॉटेलात ओढलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या.

"बाई, सरका," सुग्रीव म्हणाला. "लेकरं मरायलीत तिकडं!"

"कुणाची लेकरं?"

"रेडिओवर सांगितलंय की!"

"मंग थांब. रेडिओलाच इचारते."

त्यांनी पदर खोचला आणि फर्माइशीचा नंबर लावला. फोन माझ्याजवळ येताच मी कर्कश शिट्टी मारली, तशा त्या दोन पावलं मागं सरल्या. दादाला रोजचा आवाज ओळखू आला. "बोला विमलबाई, कोणतं गाणं लावू?"

"गाणं ऱ्हाऊ दे. त्या लेकरांची नावं सांग. कोण्या गावची हायत? कोण्या दवाखान्यात हायत?"

बाई दारात बोलत होत्या आणि तेच शब्द माझ्यातून घुमत होते. "लाइन खराब आहे," असं म्हणून दादानं ढोलाचं गाणं लावलं.

"लाइन तर चांगली हाय बे," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

सुग्रीव घुटमळला. लेकरांचा कळवळा त्याला खरोखरच होता. त्यानं दांडा काखेत धरला आणि स्वतः फोन लावला. ढोल थांबला. "दादा, मी सुग्रीव. बाईचं सोडा, मला सांगा. माझ्याकडं जीप हाय. रक्त लागलं तर देतो, लेकरांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर आत्ता नेतो. निस्ती नावं सांगा."

आपलाच माणूस समजून दादा खेकसला, "नावं कशाला हवीत तुला, मूर्खा? लेकरं असोत नाहीतर नसोत! सांगितलं तेवढं कर. फोड त्याला आणि पेटव गाडा!"

मित्रांनो, हे सगळं माझ्यातून बाहेर पडलं! नुसतं माझ्यातून नव्हे, तालुक्यातल्या हॉटेलांतून, जीपगाड्यांतून, शेतातल्या झाडाला टांगलेल्या माझ्या भाऊबंदांतूनही! दादाचं पितळ उघडं पडलं!

सुग्रीवचा चेहरा लालबुंद झाला. दांडा खाली पडला. तो तडक गाड्यापाशी गेला, मोसंबी सोलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. रस शर्टावर ओघळत होता. मग तो फोनमध्ये गरजला, "खाल्ली बे मी हबीबची मोसंबी! लाव आता गाणं!"

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! माणसं गाड्यावर तुटून पडली, फळं खायला! कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मी तर मारे ओरडणार होतो, पण 'गावजागर'ची बोलतीच बंद झाली होती. पुढं पोलिसांना एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची यंत्रं सापडली आणि ती टोळी गजाआड गेली.

सुग्रीवनं हबीबचे हात धरून माफी मागितली. हबीबनं मान हलवली आणि तो गाडा आवरायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडा स्टँडाच्या पार पलीकडच्या फाटकाशी लावला. विमलबाई चहा घेऊन तिकडं गेल्या. परतल्यावर त्या सुग्रीवला सांगत होत्या, "म्या इचारलं, कावून रे बाबा, इतक्या लांब? तर म्हणला, बाई, तुमचा राग न्हाई. तो रेडिओ बोलाया लागला की वाटतं, आता पुन्हा माझंच नाव येतंय."

मित्रांनो, मला पुसा, जपा, माळ्यावर टाकू नका. पण मी सांगितलं म्हणून कुणावर हात उगारू नका. कोण, कुठं, कशावरून, असं मला बेधडक विचारा. मला राग येणार नाही. आणि कधी केजला आलात, तर पलीकडच्या फाटकाशी जा, हबीबकडून मोसंबी घ्या आणि त्याला म्हणावं, गाडा जरा इकडं आण. हवं तर मी दिवसभर बंद राहीन.