स्टिअरिंगवर कोण होतं

जयराम गुरुजींना माणसांची किळस यायला फार काही लागत नसे. छत्तीस वर्षं पोरांच्या चुकांवर तांबड्या शाईनं गोल काढण्यात गेली. निवृत्तीनंतर सगळं नाशिक त्यासाठी मोकळं होतं. पण गेल्या चौदा महिन्यांत भेटलेली माणसं त्यांना थुंकायच्याही लायकीची वाटत नव्हती.

पहिला नंबर ललितशेठचा. त्याच्या कांद्याच्या ट्रकनं लासलगाव रस्त्यावर गुरुजींची स्कूटर उडवली. गुरुजींचा गुडघा गेला आणि मागं बसलेल्या सुमनबाई कंबरेखाली लुळ्या पडल्या. ट्रक चालवत होता शेठचा पोरगा ओम. नुकतं मिसरूड फुटलेलं, लायसन नाही, पण मस्ती बापाची. गुरुजींनी रस्त्यावर पडल्या पडल्या त्याला स्टिअरिंगवरून उडी मारून उसात पळताना पाहिलं. पगारी ड्रायव्हर राजू शेजारी बसला होता. त्यानं रस्त्यात आडवं उभं राहून एक जीप थांबवली आणि दवाखान्यापर्यंत सुमनबाईंचं डोकं मांडीवर धरून बसला. गुरुजी शुद्धीवर येईपर्यंत हवालदारानं कागद रंगवले होते. त्यात चालक म्हणून नाव राजूचं.

शेठ शहाळी घेऊन दवाखान्यात आला आणि दारातूनच 'जयभीम गुरुजी' म्हणाला. उभ्या आयुष्यात कधी ओठांवर न आलेला शब्द त्यानं जिना चढताना पाठ केला असावा. गुरुजींनी शहाळी वॉर्डबॉयला देऊन टाकली.

दुसरा नंबर त्यांच्याच वकिलाचा. जीवन त्याचं नाव. गुरुजींचाच विद्यार्थी, तेव्हाही कॉपी करणारा. खरं काय ते सांगायचं म्हणून गुरुजी अडून बसले, तेव्हा त्यानं अगदी शांतपणे समजावलं.

"राजूकडं लायसन आहे, म्हणून विमा कंपनी भरपाई देईल. ओमचं नाव घेतलंत की ती हात वर करणार. शेठची मिळकत सगळी बायकोच्या नावावर. मग बाईंचं ऑपरेशन कधी, पुढच्या जन्मी?"

पुढच्या जन्मावर गुरुजींचा विश्वास नव्हता, तेच तर दुखणं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑपरेशन या वर्षात झालं तर सुमनबाई निदान उठून बसतील, नाही तर कधीच नाही.

भरपाईच्या दाव्यात साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकीलबाई शुभांगी उलटतपासणीला उभ्या राहिल्या. त्यांना वास लागलेला होताच. सत्याची चाड असलेली सबंध कोर्टात एकच बाई, आणि तिलाही ते सत्य भरपाई बुडवायलाच हवं होतं. गुरुजींना हसावं की शिव्या द्याव्यात कळेना.

"ट्रक चालवताना तुम्ही ज्याला पाहिलंत, तो इथं असेल तर दाखवा," त्या म्हणाल्या.

ओम बाहेर बुलेटवर बसून मोबाईल चाळत होता. राजू दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून उभा होता. खोटं बोलणाऱ्या पोराला गुरुजी दिवसभर वर्गाबाहेर उभं करत. त्यांना ते आठवलं. मग सुमनबाई आठवल्या, सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या, सून येऊन कुशीवर वळवील याची वाट बघत.

गुरुजींनी राजूकडं बोट दाखवलं. "हाच."

आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला. टायपिस्टनं तो शब्द उतरवला आणि जीवननं समाधानानं फाईल बंद केली.

बाहेर पडल्यावर तो दुसऱ्या केससाठी धावला. शेठ फोनवर होता. जिन्याच्या तोंडाशी गुरुजींचा गुडघा अडला, तेव्हा कोणीतरी दंड पुढं केला. राजूच होता.

"धरा गुरुजी. बाई उठून बसत्यात का आता?"

गुरुजींनी मानेनंच 'हो' म्हटलं. इतके दिवस ज्याला त्याला नालायक म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज तोच शब्द त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. स्वतःची इतकी किळस त्यांना कधीच आली नव्हती.

दोन पायऱ्या उतरल्यावर राजू हळूच म्हणाला, "फौजदारी केस उभी राहील तवा मला सजा किती लागंल वो? शेठ नीट सांगत नाय. तुम्ही शिकलेले, म्हणून इचारतो."

अजून बऱ्याच पायऱ्या उरल्या होत्या. गुरुजींनी त्याचा दंड घट्ट धरला.