लहरीनाथांच्या रेडिओतला गंगाराम

मिरकरवाड्यात त्या शनिवारी मासळीचा लिलाव लवकर उरकला, कारण चार वाजता मेलेला गंगाराम रेडिओवर बोलणार होता. बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका टोपल्या बाहेर ठेवून आत शिरल्या होत्या आणि बाहेर मांजरांची चंगळ चालली होती. पुढे टेबल, टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं भगवं कापड, त्यावर लाकडी पेटीचा जुना रेडिओ. शेजारी लहरीनाथ महाराज, हातात घंटा घेऊन.

महाराजांनी रेडिओचं मागचं झाकण उघडून सेलचा कप्पा दाखवला. "बघून घ्या. सेल नाही, लाईट नाही. आत्मा लाटेवरून किनाऱ्याला येतो, हवेच्या लहरीवर बसतो आणि या गरीब खोक्यात उतरतो. ज्याच्या मनात शंका येईल, त्याचे कान जन्माचे बंद होतील."

जन्माचे कान बंद करून घ्यायची कुणाची छाती होती? सगळ्यांनी भराभर हात जोडले. मागच्या भिंतीला टेकलेल्या हरिश्चंद्रांनी तेवढे जोडले नाहीत.

हरिश्चंद्र पोस्टातून रिटायर झालेले. रेडिओवरचे कार्यक्रम टेप करून जपायचे, हा त्यांचा एकुलता एक नाद. श्रुतिका, कीर्तनं, कोळी बांधवांच्या मुलाखती, असल्या चारशे कॅसेट त्यांच्या कपाटात तारीखवार लावलेल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको गोदा गेली आणि त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. रडले नाहीत. माणूस खंबीर आहे, असं आळीतले लोक म्हणाले. खंबीर कसला, आत काही हलतच नव्हतं. भूक लागायची नाही, घड्याळात बारा वाजले की जेवायचे.

इथं ते आले होते कमळासाठी. कमळा ही गंगारामची बायको. बारा वर्षं गोदाच्या दारात मासे घेऊन यायची, तासभर घासाघीस करायची आणि चहा पिऊन जायची. दोन वर्षांपूर्वी वादळात गंगारामची होडी गेली, प्रेतही मिळालं नाही. मग कमळाला टीबी झाला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं चालू होती, अंग धरत होती. तीन आठवड्यांपासून तिनं ती बंद केली होती, कारण औषधाच्या वासानं आत्मा बिचकतो, असं महाराजांनी सांगितलं होतं. सकाळी ती हरिश्चंद्रांना रस्त्यात भेटली तेव्हा खोकून पदर तोंडाला लावला, आणि पदरावर रक्त होतं.

महाराजांनी घंटा वाजवली. रेडिओ खरखरला आणि गंगाराम बोलला.

"दर्यात गेलेला मानूस येतोच. घरच्यांनी घोर लावून घेव नये. माझी बायको खंबीर हाय." मग खोकला. त्या खोकल्यामागून लांबून एका बाईचा आवाज आला, पण महाराजांनी लगेच आरोळी ठोकून तो बुडवला.

"समुद्रमाता बोलली. म्हणते, धीर धर कमळा, औषधाला शिवू नको."

कमळा जमिनीवर डोकं टेकून रडत होती. हरिश्चंद्र मात्र भिंतीला चिकटले. समुद्रमातेचा आवाज त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं ऐकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट उघडलं. कॅसेट मिळाली: एकोणऐंशी सालची गंगारामची मुलाखत, रत्नागिरी केंद्र. तेव्हा ते रेडिओसमोर माईक धरून टेप करत, त्यामुळे घरात कोणी शिंकलं तरी आत यायचं. म्हणून कार्यक्रमाच्या वेळी घरात बोलायची बंदी, आणि गोदानं ती कधी पाळली नाही. त्या दिवशी यावरून ते तिला वाट्टेल ते बोलले होते. आता त्यांनी ती कॅसेट चार वेळा ऐकली, कागदावर शब्द न् शब्द उतरवला. आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही.

मग आणखी एक गोष्ट आठवली आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली. गेल्या वर्षी एक गोडबोल्या माणूस घरी आला होता. दुपारभर मान डोलावत कोळ्यांच्या मुलाखती ऐकल्या आणि कॉपी मागितली. आपल्या टेपा कोणीतरी ऐकतंय, या आनंदात हरिश्चंद्रांनी स्वतः कॉपी करून दिली, वर गोदाकडून पोहे खाऊ घातले. शंका घ्यायची ती तेव्हाच घ्यायला हवी होती.

बुधवारी ते पहिल्या रांगेत बसले. घंटा वाजली, रेडिओ खरखरला, आणि हरिश्चंद्र कागद काढून उभे राहिले.

"मंडळी, आता गंगाराम म्हणेल, दर्यात गेलेला मानूस येतोच."

"दर्यात गेलेला मानूस येतोच," रेडिओ म्हणाला.

"आता घोर लावून घेव नये. मग बायको खंबीर. मग दोनदा खोकेल."

रेडिओ सगळं म्हणाला आणि दोनदा खोकला.

"आता समुद्रमाता. महाराज, एवढी एक वेळ गप्प बसा. ती म्हणेल, अहो, दूध बघा, उतू जातंय."

महाराजांनी तोंड उघडलं होतं, पण होडी चालवणाऱ्या बाबू तांडेलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाबूचा हात म्हणजे नांगर ओढणारा हात. शांततेत लांबून आवाज आला. "अहो, दूध बघा, उतू जातंय."

"ही तर गोदावैनी," कमळा हळूच म्हणाली.

"बघा, बघा," महाराज सावरले. "तीपण मेलेलीच ना? दोघं एकाच लोकात आहेत."

"असतील. पण तिथं स्टोव्हवर दूध कोण ठेवतं?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. एरवी महाराज इथं घंटा वाजवून आत्म्याला निरोप देत. आज ते या गडबडीत विसरले. गंगाराम संपला आणि रेडिओतून स्वच्छ निवेदन आलं. "आता ऐका मासळीचे बाजारभाव. बांगडा…"

बाबूनं रेडिओ उचलला. टेबलाच्या भोकातून वायर वर आली. गळाची दोरी ओढतात तशी बाबू ती ओढत गेला, भगव्या कापडाखालून, चटईखालून, मागच्या खोलीपर्यंत. तिथं एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यासमोर गेल्या वर्षीचा तो गोडबोल्या. घंटा वाजली की चालू, घंटा वाजली की बंद, एवढीच त्याची साधना. कॉपीतून निवेदकाचे प्रश्न त्यानं गाळले होते. गोदा मात्र गंगारामच्या खोकल्यातच बोललेली असल्यानं त्याला ती काढता आली नव्हती.

लोक महाराजांकडे वळले. हरिश्चंद्र आडवे आले.

"मारू नका. पोलिसात द्या. आणि माझंही ऐका, ही टेप मी दिली, चूक माझी आहे. गंगारामचा आवाज खरा आहे, तो पाच वर्षांपूर्वीचा आहे. आवाज टेपेत राहतो, माणूस राहत नाही. कुणी मेलेल्या माणसाला बोलतं केलं तर जरूर ऐका, पण आवाज कुठून येतो ते विचारा, पेटी उचलून बघा. विचारल्यानं मेलेल्याचा अपमान होत नाही. न विचारल्यानं ही बाई तीन आठवडे रक्त ओकते आहे."

शेड रिकामी झाली. कमळा तिथंच बसून होती.

"भाऊ, म्हंजे तो येनार नाय."

"नाही."

"वैनीचा आवाज ऐकलात, तुमाला कसा वाटला?"

"काही वाटलं नाही," हरिश्चंद्र खरं ते बोलले. "उद्या आठला दवाखाना उघडतो. मी बरोबर येतो."

"ता इंजेक्शन लय दुखता, भाऊ."

"दुखू दे. दुखतंय म्हणजे तू आहेस."

एवढं बोलले आणि त्यांना रडू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. कमळा बाजूला सरकली आणि त्यांना चटईवर बसायला जागा करून दिली.