सरासरीसरांची आधाररेषा

"टेकली! टेकली!"

असा ओरडा झाला आणि हॉलमधली सगळी माणसं खुर्च्या मागे ढकलून उभी राहिली. फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल, रविवारची सकाळ, पंखे नुसतेच आवाज करणारे. समोरच्या पडद्यावर एका छोट्या बँकेच्या शेअरचा आलेख होता. वरखाली होणारी निळी ओळ म्हणजे शेअरचा भाव, आणि तिच्याखालून संथपणे जाणारी लाल रेषा म्हणजे त्या भावाची लांब मुदतीची सरासरी. निळी ओळ घसरत येऊन लाल रेषेला टेकली होती. त्याचा आनंद या मंडळींना असा झाला होता, की जणू कुणाच्या घरी पाळणाच हलला.

"शांत व्हा, बसा," व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले. कोट, टाय, हातात लाल ठिपका पाडणारी कांडी. लोक त्यांना नुसतं 'सर' म्हणत. मी मनातल्या मनात 'सरासरीसर' म्हणत असे. "ही साधी रेषा नाही. ही आधाररेषा आहे. भाव पडतो, पडतो, पण आईच्या कुशीत आल्यासारखा इथे विसावतो. आणि मग काय होतं?"

"उसळतो!" हॉल एका आवाजात म्हणाला.

"उद्या काय करायचं?"

"घ्यायचा!"

माझ्या शेजारी माझा दादा बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांचे डोळे तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं. आणि हा डोळस माणूस गेले काही महिने दर रविवारी इथे येऊन आंधळा होत होता. माझी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचाच मी पगार घेतो, त्यामुळे तिथे बसून माझ्या अंगाची लाही लाही होत होती. पण चूक नेमकी कुठे आहे ते मला दाखवता येईना.

चमत्कार होत होता, हे मात्र खरं. सर रविवारी 'टेकली' म्हणत आणि सोमवारी ती बँक खरोखर वर जाई. मागच्या वेळी भाव लाल रेषा फोडून खाली गेला तेव्हा मी खूश झालो होतो. म्हटलं, आता फजिती. पण सर हसले. "रेषा तुटली नाही हो, ती खाली सरकून वाट बघतेय," असं म्हणत त्यांनी संगणकावर काहीतरी केलं आणि लाल रेषा खरोखरच खाली सरकून निळीला जाऊन भिडली. लोकांनी तोंडात बोटं घातली. मागच्या रांगेतल्या निवृत्त साहेबांनी तर रुमालच काढला.

त्या रविवारी घरी येताना दादाने मला सांगितलं, "दुकान विकतोय. शेजारच्या मोबाइलवाल्याशी बोलणं झालंय. पुढच्या सोमवारी सह्या. सगळे पैसे त्या बँकेच्या शेअरमध्ये."

"दादा, अरे दुकान विकून?"

"रेषा सांभाळते रे."

घरी वहिनीने तेच ऐकलं आणि हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला. वहिनी शाळेत गणित शिकवते. आरडाओरडा तिच्या स्वभावात नाही. ती फक्त प्रश्न विचारते, आणि तो आरडाओरड्यापेक्षा वाईट असतो.

"अहो, त्या बँकेने कर्जं कुणाला दिलीत?"

"ते काय माहीत."

"दिलेली परत येतायत का?"

"सर म्हणतात, नाव नको, हिशेब नको, नुसता आलेख दाखवा. रेषा सगळं सांगते."

"कुठलाही आलेख?"

"कुठलाही."

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, येत्या रविवारी मीही येते."

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स घेऊन. शेवटी शंकासमाधान सुरू झालं तेव्हा तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"सर, एक आलेख आणलाय. नाव लिहिलेलं नाही. चालेल?"

"ताई, नावाला कोण विचारतो!" सर खुलले. "रेषेला आडनाव लागत नाही!"

हॉल हसला. आलेख पडद्यावर आला. निळी ओळ सत्तरच्या आसपास वरखाली होत, एकंदरीत वर वर चाललेली. सरांनी दोनशे दिवसांची सरासरी काढली. लाल रेषा उमटली, पण निळी तिला कुठेच टेकेना. कधी वरच राही, कधी आरपार जाई.

"प्रत्येक शेअरचा एक स्वभाव असतो," सर बोलता बोलता आकडा बदलत म्हणाले. "काही उतावळे, काही सोशिक. याला जरा जास्त माया लागते." दोनशेचे दोनशे तीस झाले. लाल रेषा हलली. मग दोनशे साठ. पुन्हा हलली, आणि दोन ठिकाणी निळीला नेमकी चिकटली. "हं! बघा! इथे टेकला, उसळला. इथे टेकला, उसळला. आणि आज पुन्हा टेकतोय!"

"टेकली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"ताई, सोनं आणलंय तुम्ही. व्यवस्थापन भक्कम दिसतंय. आतल्या आत माल साठतोय, तो लोकांना दिसत नाही, मला दिसतो. आज बाहत्तर आहे. वर्षभरात नव्वद! लिहून देतो!"

"नको हो सर," वहिनी म्हणाली. "आधीच गुडघे दुखतात."

हॉलला काही कळेना. सरांनाही.

"हे माझं वजन आहे," वहिनी उठून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि फोनमध्ये टाकते. दिसतायत ना ते दोन खड्डे? तेव्हा मी जेवण कमी केलं होतं. नंतर उसळले, ते रेषेमुळे नाही. पुन्हा जेवायला लागले म्हणून."

हसण्याचा असा स्फोट झाला, की खालचा फर्निचरवाला वर बघायला आला. मी तर टाळ्याच पिटल्या. सर लाल झाले, त्यांच्या रेषेइतके.

"ही थट्टा आहे! बाजारात श्रद्धा लागते!"

"सरासरीला श्रद्धा कशाला हवी? ती तर मी सहावीला शिकवते," वहिनी म्हणाली. "मागच्या दोनशे दिवसांचे भाव मिळवायचे, दोनशेने भागायचं. रोज जुना एक दिवस काढायचा, नवा घालायचा. म्हणजे भाव जातो पुढे आणि रेषा येते त्याच्या मागून. मागून येणारा आधार कसा देईल? वर्गाच्या गुणांची सरासरी साठ आली, म्हणून एखादं पोर पन्नासावर घसरायचं थांबतं का?"

"मग दर सोमवारी भाव वर कसा जातो?" निवृत्त साहेब तावातावाने उठले.

"तुम्ही सगळे सोमवारी काय करता?"

"विकत घेतो."

"एवढीशी बँक. तिच्या शेअरची रोजची उलाढाल ती किती? त्यात एवढी माणसं एकाच सकाळी घ्यायला धावली, तर भाव चढेल नाहीतर काय? चमत्कार तुम्हीच करता आणि नमस्कार त्यांना घालता. आता एकच सांगा. तुम्ही घेता, म्हणजे कोणीतरी विकतं. सोमवारी चढ्या भावाला तुम्हाला शेअर विकतं कोण?"

एकेक मान व्यासपीठाकडे वळली. सर पाण्याचा ग्लास शोधत होते. ग्लास त्यांच्या समोरच होता.

"हे आरोप आहेत," ते म्हणाले. "नुसता प्रश्न विचारला म्हणून काही सिद्ध होत नाही."

"मग उत्तर द्या की," मी ओरडलो.

एवढ्यात दादा उभा राहिला. म्हटलं, आता हा बायकोवरच चिडणार. तो चालत संगणकापाशी गेला. सरांनी मघाशी जिथे आकडा बदलला, तिथे त्याने बोट ठेवलं आणि आकडा दोनशेवर आणला. रेषा सुटली. दोनशे साठ केला. रेषा चिकटली. पुन्हा दोनशे, पुन्हा दोनशे साठ. त्याचा चेहरा दुकानात असतो तसा झाला होता, गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवून तो एकामागून एक भिंग बदलतो, तेव्हाचा.

"सर," त्याने शांतपणे विचारलं, "हे स्पष्ट दिसतं, की हे?"

सरांनी कांडी खिशात घातली.

"हे काम मी रोज करतो," दादा म्हणाला. "अक्षरं स्पष्ट होईपर्यंत भिंग बदलत राहायचं. पण अक्षरं भिंतीवर आधीच लिहिलेली असतात सर. उद्या त्या भिंतीवर काय लिहिलं जाईल, ते कुठल्याही भिंगातून दिसत नाही. आणि दिसतं असं मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही."

एवढं बोलून तो वहिनीकडे आला, तिची पर्स उचलली आणि म्हणाला, "चल गं."

सगळ्यांचे डोळे उघडले असं समजू नका. जिन्यात निवृत्त साहेबांनी मला गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण मग आता रेषा कुठली धरायची?" मी त्यांच्यासमोर हात जोडले. सरासरीसरांनी गाशा गुंडाळला. आता ते दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये दोन रेषा काढतात म्हणे; एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

सरासरी खोटी नाही. काल काय झालं ते ती प्रामाणिकपणे सांगते, आणि तेवढंच सांगते. खोटा तो माणूस, जो सगळं घडून गेल्यावर दिवसांचा आकडा बदलतो आणि त्याला दर्शन म्हणतो. असा कोणी भेटला तर त्याला म्हणा, आकडा आज सांगा आणि वर्षभर त्याला हात लावू नका, मग बघू. बँकेच्या शेअरमध्ये पैसे घालायचे असतील तर तिने कर्जं कुणाला दिली आणि ती परत येतात का, ते विचारा. आणि सगळे एका सुरात 'घ्यायचा' म्हणतील, तेव्हा विकणारा कोण आहे ते आधी शोधा. यासाठी गुरू लागत नाही, सहावीचं गणित पुरतं.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. दादाने नेहमीच्या वेळी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून तोच मोबाइलवाला आला. व्यवहार मोडल्यामुळे तो घुश्शात होता, पण बिचाऱ्याला जवळचं वाचता येत नव्हतं. दादाने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर चौकट ठेवली, पहिलं भिंग घातलं आणि विचारलं, "खरं सांगायचं हं. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं."