खोकल्याचा पत्ता

वहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. वहिनी म्हणजे माझी दाढी करणाऱ्या सलूनवाल्याची बायको. 'भाऊजी, यांचा खोकला हटत नाही. दवाखान्यात नाव लागलं की दुकानाचा परवाना जातो. हा नियम फक्त आम्हा नाल्यापलीकडच्यांना. तुमचा जन्म छापखान्यात गेला. अधिकाऱ्यांना चार ओळी लिहा.'

चार ओळी! मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारली. स्वतःचं लिहायचं म्हटलं की पहिल्याच ओळीवर अडतो. मसुदे केले, फाडले.

सलूनवाल्याने तोवर तपकीर धरली. पलीकडे आता घरटी एक डबी आहे. ढास लागली की चिमूट ओढायची आणि मोठ्याने शिंकायचं.

"नाक जाईल अशाने, दादा," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो भाऊ. शिंकेला कुणी पत्ता विचारत नाही, खोकल्याला विचारतात."

खोकला मलाही होता, त्याच्या कितीतरी आधीपासून. थुंकी तपासायला दिली होती, तिचा निकाल आणायला आज दवाखान्यात गेलो.

"राहता कुठे?" कारकुनाने विचारलं.

"पोस्टामागे."

"मग या आजोबा, बसा." पलीकडचे मागच्या खिडकीशी उन्हात उभे होते.

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध घ्या, बरे व्हाल. दाढी कुठे करता?"

मी सांगितलं.

"तरीच! तिथूनच आणलात. त्याचं दुकान कळवायला हवं."

"पण आधी मी खोकत होतो. त्यालाच माझ्याकडून..."

"आजोबा, रोग तिकडून इकडे येतो."

"इकडून तिकडे जाताना त्याला नाल्यावर कुणी अडवतं का?" आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "मी रोज वाचनालयात बसून खोकतो. वाचनालयाला टाळं लावा!"

"काहीतरीच काय!"

काहीतरीच. माझ्या खोकल्याला औषध, त्याच्या खोकल्याला कुलूप. मग माणसं तपकीर ओढणार नाहीत तर काय करतील?

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. 'वहिनी, हा खोकला तुमच्याकडे बहुधा माझ्याकडून आला. तसं अधिकाऱ्यांना सहीनिशी लिहिलंय, नक्कल सोबत आहे. दुकानावर कुणी आलं तर ती दाखवा. दादांना तपासायला आणा. तोंडाला रुमाल बांधून मी मागच्या खिडकीशी उभा असेन. डबी घरी ठेवा.'

शुद्धलेखन तपासलं नाही. तसंच पेटीत टाकलं.